इंदिरानगरातलं नाक

वर्तमानपत्रात असताना माझ्या नावाने एक चूक छापून आली. ती कुणाच्या लक्षात आली नाही. मजकूर चारशे शब्दांचा होता आणि आतल्या पानावर होता. नाशिकच्या इंदिरानगरातले एक निवृत्त गृहस्थ गाडीतून येणाऱ्या जळक्या रबराचा नुसता वास घेऊन बिघाड कुठे आहे ते सांगतात, असं त्यात म्हटलं होतं. यात गृहस्थ बरोबर होते, इंदिरानगर बरोबर होतं, बिघाडही बरोबर सांगितले जात होते. चूक उरलेल्या भागात होती.

हे गृहस्थ माझे घरमालक. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी तीन वर्षं भाड्याने राहिले. सगळी कॉलनी त्यांना काका म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. खोली बघायला गेले तेव्हा कोरोनाची दुसरी लाट ओसरून वर्ष होत आलं होतं. पुढच्या खोलीत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याखाली काका खुर्चीत ताठ बसले होते. पगार किती, लग्न झालंय का, रात्री किती वाजता येणार, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "अगरबत्ती लावता का?"

मी नाही म्हटलं.

"मच्छर अगरबत्ती?"

तीही नाही.

"हिंगाची फोडणी सकाळी दहाच्या आत करायची नाही. जमेल?"

मी सकाळी दहाच्या आत शेगडीच पेटवत नसल्याचं सांगितलं. खोली मला मिळाली.

नियमाचं कारण आठवडाभरात कळलं. काकांनी एकतीस वर्षं अंबडच्या एका कारखान्यात काढली होती. गाड्यांना लागणारे रबराचे भाग तिथे तयार होत. रबर साच्यात गरजेपेक्षा जास्त वेळ राहिलं की करपतं, आणि करपलेला माल वरून चांगल्या मालासारखाच दिसतो. तो वेगळा काढण्याचं काम काकांकडे होतं. यंत्र सांगायच्या आत ते दारातूनच "चार नंबरचा साचा करपला" म्हणत. हे मला त्यांच्या तीन जुन्या सहकाऱ्यांनी वेगवेगळं सांगितलं आणि तिघांचं जुळलं, म्हणून लिहिते आहे. निवृत्तीनंतर कुणा शेजाऱ्याच्या गाडीतून जळका वास येऊ लागला. गॅरेजवाल्याला सापडेना, काकांनी उभ्या उभ्या सांगितलं. तेव्हापासून सकाळी आठ ते दहा त्यांच्या फाटकासमोर आठवड्याला दोन-तीन गाड्या उभ्या राहू लागल्या. काका दुरुस्ती करत नसत. पान्याला त्यांनी हात लावलेला मी पाहिला नाही. ते फक्त काय जळतंय ते सांगत आणि माणसाला गॅरेजकडे पाठवत. मोबदला घेत नसत, कारण वास घ्यायला त्यांच्या मते काहीच लागत नव्हतं.

तपासणीची पद्धत ठरलेली होती. गाडी आली की आधी आरशाला लटकवलेली सुगंधी बाटली काढायला लावायचे. बंपरला लिंबू-मिरची असेल तर तीही. एकदा एका नव्या गाडीच्या मालकाने, लिंबू-मिरची काढली तर नजर लागेल, अशी हरकत घेतली. काका म्हणाले, नजर लागली तर तिचाही वास येईल, मग सांगतो. त्यांच्या स्वतःच्या घरी सकाळची वंदना मेणबत्तीवर व्हायची. अगरबत्ती काकू दहानंतर लावत.

मग पाच प्रश्न. गाडी थंड असताना वास येतो की तापल्यावर? चढावर की सपाटीवर? एसी लावला की वाढतो का? थांबल्यावर वाढतो की कमी होतो? आणि पाचवा, गाडीत कोण कोण होतं?

पाचव्या प्रश्नाला माणसं हसत. काका हसत नसत. "सारखाच येतो" हे उत्तर त्यांना चालायचं नाही. "सारखं काहीच येत नाही," ते म्हणत, "पगारसुद्धा महिन्यातून एकदा येतो." एखादा फारच ठासून सांगू लागला, वास बेल्टचाच आहे, आपल्याला कळतं, तर त्यांचं ठेवणीतलं वाक्य असायचं: "नाक खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो नाकाचा मालक."

प्रश्न झाले की बॉनेट उघडलं जायचं. काका डोळे मिटून, हात मागे बांधून वाकत. मग सरळ होऊन खुर्चीत बसत आणि पाहुण्यालाही बसवत. कारण काहीतरी घेतल्याशिवाय जायचं नाही हा काकूंचा नियम होता. काकू फाटकाजवळच्या जास्वंदीला पाणी घालून आत जात आणि काहीतरी घेऊन येत. पाहुण्याने पहिला घोट घेतला की काका निदान सांगत.

घरात चौदा बरण्या होत्या. मूळच्या त्या काकूंच्या लोणच्याच्या. आता त्यांत जळलेल्या वस्तू होत्या: फॅन बेल्टचा तुकडा, ब्रेकचं लायनर, वायरचं वेष्टण, क्लचप्लेटची भुकटी, टायरची साल. प्रत्येक बरणीवर नंबर, वस्तूचं नाव आणि ती किती वेळ जाळली ते लिहिलेलं. वास जुना झाला की गच्चीवरच्या शेगडीवर नवा तुकडा जाळून नमुना बदलला जायचा. त्यासाठी काकूंची एक सांडशी आणि एक पळी कायमची गेली होती.

"लग्नात माझ्या आईने सहा बरण्या दिल्या होत्या," काकू मला म्हणाल्या. "आठ मी घेतल्या. आता कैऱ्यांच्या दिवसात लोकांच्या घरी लोणचं असतं, आमच्या घरी टायर."

"टायर खराब होत नाही," काका आतून म्हणाले.

"हो, आणि भाकरीबरोबर लागतोही छान."

गिरणाऱ्याकडचा एक शेतकरी टोमॅटोची पिकअप घेऊन आला ती सकाळ मला चांगली आठवते. बाजार समितीत माल उतरवून तो थेट इकडे आला होता. त्याने सांगितलं, "काका, वास येतोय लय, पण धूर नाय. फिटर म्हनला इंजिन खोलावं लागंल. मोठं काय हाय का?" पाच प्रश्न झाले. काका वाकले, बसले. काकूंनी कॉफी आणली. त्याने कपाकडे पाहिलं आणि म्हणाला, आमच्याकडं कॉफी आजारी माणसाला देत्यात. काकू म्हणाल्या, घ्या, गाडी आजारीच आहे. त्याने घोट घेतला, आणि काकांनी सांगितलं की इंजिन खोलायची गरज नाही, गाडीखाली सायलेन्सर बघा. तो खाली वाकला. टोमॅटोच्या वाफ्यावर अंथरतात तो काळा मल्चिंग पेपर फाटून, रस्त्यावरून उडून सायलेन्सरला चिकटला होता आणि रोज थोडा थोडा वितळत होता.

"तुमचं शेतच चिकटलंय," काका म्हणाले. "खरवडून काढा, झालं."

दुसरा एक जण जानेवारीत आला. नाशिकला त्या आठवड्यात कडाक्याची थंडी होती. काकूंनी त्याला ताक दिलं. त्याने मफलर सारखा करत, थंडीत ताक कशाला, असं विचारलं. अंगाला चांगलं असतं, असं उत्तर मिळालं. तो ताक प्यायला, काकांनी क्लच सांगितला, आणि क्लचच निघाला. एका तरुणाने गाडीला पुढे जादा दिवे बसवून घेतले होते. त्याला लिंबू सरबत मिळालं आणि दिव्यांची वायर तापून वेष्टण जळत असल्याचं कळलं. त्याच सुमाराला माझा तो चारशे शब्दांचा मजकूर छापून आला. काकांनी कात्रण काचेखाली ठेवलं नाही. त्यांनी ते वाचून त्याची घडी घातली आणि "चांगलं लिहिलंय" एवढंच म्हणाले. मला वाटलं, विनय.

मी बातमीदार होते. भर पावसात काकू एका हातात छत्री धरून जास्वंदीला पाणी घालत, हे मी किमान तीनदा वरच्या खिडकीतून पाहिलं. त्याचं काय करावं ते मला सुचलं नाही. आणखी एक गोष्ट. एका संध्याकाळी काका स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते आणि शेजारच्या शेगडीवर दूध करपून काळं झालं. वास मला जिन्यात आला. काकू बाहेरून धावत आल्या आणि म्हणाल्या, नाकाचा एवढा बोलबाला, आणि हाताच्या अंतरावर दूध जळलं. काका म्हणाले, "दुधाचा मी तज्ज्ञ नाही." दोघंही हसले. विनोदाच्या मानाने जरा जास्तच हसले. ते मी तेव्हा लिहून ठेवलं नाही.

समोरच्या घरात एक शिक्षिका राहत. कॉलनी त्यांना बाई म्हणायची. त्यांची शाळा हरसूलकडच्या एका पाड्यावर होती. आधी कितीतरी वर्षं त्या बस आणि पुढे जीप, असा प्रवास करत. जीपमध्ये टपावरसुद्धा माणसं असायची. चाळिशीनंतर त्या गाडी चालवायला शिकल्या, जुनी गाडी घेतली आणि आणखी तीन शिक्षिकांना घेऊन रोज वाघेऱ्याचा घाट चढू-उतरू लागल्या. चौघींचे रोज दोन-अडीच तास वाचले. बाईंची तब्येत सुधारली, आवाजही वाढला, असं त्यांचे मिस्टर म्हणत. मिस्टर पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि गाडीच्या बाबतीत आपलं ज्ञान जास्त आहे असं समजत. ते स्वतः स्कूटर चालवायचे.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर बाईंच्या गाडीतून वास येऊ लागला. घाटात यायचा, घरी पोचेपर्यंत जायचा. गॅरेजवाल्याने सांगितलं, क्लच. क्लच सव्वा वर्षापूर्वीच बदललेला होता. इतक्यात दुसरा जातोय म्हणजे चालवणारा पाय क्लचवरून काढत नाही, बायका घाटात असंच करतात, असंही तो म्हणाला. बाईंनी सांगितलं की आपण तसं करत नाही. हे त्यांनी आधी गॅरेजमध्ये सांगितलं, मग घरी सांगितलं. दोन्हीकडे पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं.

मिस्टरांनी गाडी विकायचं ठरवलं. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. बाईंनी पुन्हा जीपने जावं, नाहीतर बदलीचा अर्ज करावा, असं त्यांचं म्हणणं होतं. शुक्रवारी सकाळी दोघंही गाडी घेऊन काकांच्या फाटकासमोर आले. येताना त्यांच्यात ठरलं होतं की काका म्हणतील ते अंतिम. काकांनी क्लच म्हटलं तर बाई काही न बोलता किल्ली देणार होत्या. हे बाईंनीच मला नंतर सांगितलं.

काकू त्या दिवशी घरी नव्हत्या. घोटीला बहिणीच्या सुनेचं बाळंतपण होतं, म्हणून आठ दिवसांपासून तिकडे होत्या.

काकांनी प्रथम त्यांना टाळायचा प्रयत्न केला. पुढच्या आठवड्यात या, म्हणाले. मिस्टरांनी रविवारच्या गिऱ्हाइकाचं सांगितलं. मग काकांनी घसा बसल्याचं कारण दिलं. बाई म्हणाल्या, "काका, घशाचं काम नाही, नाकाचं आहे." शेवटी त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि वाकले. मी कामावर निघाले होते आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर होते. ते नेहमीपेक्षा फार वेळ वाकून राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग जास्वंदीकडे पाहिलं. तिला आठ दिवसांत कुणी पाणी घातलं नव्हतं.

मिस्टर म्हणाले, "क्लचच आहे ना काका? सांगून टाका, म्हणजे हिचं समाधान होईल."

क्लच म्हणणं सोपं होतं. गॅरेजवाला तेच म्हणत होता. चूक निघाली असती तरी गाडी विकली गेल्यावर कुणाला कळलं नसतं. काका खुर्चीत बसले. बाई उभ्या होत्या, किल्ली हातात होती.

"मला वास येत नाही," काका म्हणाले. "कुठलाच. कोरोनाच्या तापात गेला, तो परत आला नाही."

मिस्टरांनी विचारलं की मग इतक्या लोकांच्या गाड्या कशा सांगितल्या. काकांनी घराकडे हात केला. "ती सांगायची."

"काकू?" बाई म्हणाल्या.

"तीस वर्षं घरात रबर जाळलं मी. तिला यायचंच ते. माझ्यापेक्षा चांगलं येतं. पाणी घालायला जायची, वास घ्यायची, आणि आत जाऊन..." इथे ते थांबले.

"ताक म्हणजे क्लच," मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "चहा बेल्ट. सरबत वायर. कॉफी सायलेन्सर. नुसतं पाणी आणलं तर ब्रेक."

मी पाहिलेली एकही तपासणी काकांच्या नाकाने झालेली नव्हती. हिंगाचा नियम, दहानंतरची अगरबत्ती, सगळं काकूंच्या नाकासाठी होतं. कोरोनानंतर बदललेल्या बरण्यांवरचं अक्षर वेगळं, गोल होतं, हे मी त्याच दिवशी पाहिलं. खरं तर ते रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं.

मिस्टर म्हणाले, असं असेल तर मग गॅरेजवाल्याचंच खरं मानावं लागेल. बाईंनी किल्ली पुढे केली नाही, मागेही घेतली नाही. तेव्हा काका उठले. त्यांच्या आवाजात, मला वाटतं, तीन वर्षांत पहिल्यांदा कारखाना होता.

"नाक गेलंय. प्रश्न राहिलेत. बाई, थंड गाडीत येतो का?"

"नाही. घाटात."

"चढताना की उतरताना?"

"येताना. सकाळी जाताना कधीच नाही."

"क्लच दोन्हीकडे जळतो," काका म्हणाले. "एसी? थांबल्यावर?" एसीचा संबंध नव्हता. थांबलं की वास कमी व्हायचा. "गाडीत कोण कोण होतं?"

"आम्ही चौघी. नेहमीच्या."

"चौघीच?"

"चौघीच. बाजार असला तर तांदूळ."

हरसूलच्या आठवडे बाजारात दिवाळीनंतर नवा तांदूळ येतो. चौघी शिक्षिका तो घरासाठी, नणंदेसाठी, भावासाठी, सोसायटीतल्या बायकांसाठी आणत. एकीचं एक पोतं धरलं तरी डिकीत चार पोती. काकांनी वास बाजाराच्या दिवशीच येतो का, असं विचारलं. बाईंना सांगता येईना. प्रत्येक वेळी वास आला की त्या मिस्टरांना 'आज पुन्हा' असा मेसेज करत. मी त्यांचा फोन घेतला आणि मेसेज तपासले. पाच होते. पाचही एकाच वाराचे, आणि तो बाजाराचा वार होता.

वास घाटात यायचा, म्हणून सगळे घाटाकडे बघत होते. डिकीकडे कुणी पाहिलं नव्हतं.

"पत्रकार," काका मला म्हणाले, "तुमचं नाक कसं आहे?"

मी साधारण आहे असं सांगितलं. त्यांनी आतून चार बरण्या आणल्या आणि माझ्या मांडीवर देऊन मला गाडीत मागे बसवलं. डिकीत तांदळाऐवजी पाण्याचे वीस लिटरचे पाच जार ठेवले. ते कॉलनीतल्या चार घरांतून गोळा झाले. मागच्या सीटवर माझ्याशेजारी मिस्टर आणि मिस्टरांशेजारी काकांची शेजारीण. वजन हवं म्हणून तिला घेतल्याचं काकांनी स्पष्ट सांगितलं आणि ती त्यांच्याशी पुढे महिनाभर बोलली नाही. काका पुढे बसले. बाईंनी गाडी काढली.

हायवेखालच्या बोगद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर स्पीडब्रेकरची कमतरता नाही. काकांनी बाईंना सांगितलं की एकही चुकवायचा नाही आणि वळणं जरा जोरात घ्यायची. पहिल्या ब्रेकरला जार एकमेकांवर आपटले. दुसऱ्याला शेजारणीने काकांच्या नाकाविषयी काहीतरी म्हटलं. बोगद्यातून वर येऊन तिसरा, चौथा, मग एक फेरी, पुन्हा बोगदा. क्लचवर बाईंचा पाय नव्हता. गिअर टाकला की तो बाजूला जायचा. ते मिस्टरांना मागून नीट दिसत होतं. ते बराच वेळ तिकडेच पाहत होते.

दुसऱ्या फेरीत मिस्टर म्हणाले, "आला."

मलाही आला. मी बरण्या एकेक उघडल्या. क्लचच्या बरणीत जळक्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी होतं, घशात बसणारं. हा वास तो नव्हता. ब्रेक नाही. वायर नाही, ती नाकाला टोचते. नऊ नंबरची बरणी उघडली आणि पुन्हा गाडीचा वास घेतला. दोघांत मला फरक करता आला नाही.

"नऊ," मी म्हटलं.

"थांबवा गाडी," काका म्हणाले.

नऊ म्हणजे टायर. मागच्या चाकाजवळ सगळे वाकले. टायरच्या बाहेरच्या कडेला चार बोटं रुंदीचा पट्टा घासून गुळगुळीत आणि चकचकीत झाला होता. चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर एका बाजूला खरवडून निघालं होतं. मागे वजन आलं की गाडी बसायची, खड्ड्यात किंवा वळणावर टायर वर टेकायचा आणि घासायचा. काकांनी टायरवर कोरलेले आकडे बोटाने वाचले, मग दारावर चिकटवलेल्या कागदावरचे. टायर गाडीच्या मापाचे नव्हते. एक माप मोठे होते.

"हे कधी घातले?" त्यांनी विचारलं.

"दसऱ्याला," बाई म्हणाल्या. "ह्यांनी."

त्या एवढंच म्हणाल्या. मिस्टरांनी टायरकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. गाडी उंच आणि भारदस्त दिसावी म्हणून त्यांनी मोठं माप मागून घेतलं होतं. पूजेच्या वेळी झेंडूचे हार त्यांनी स्वतः घातले होते. "दिसायला चांगले होते," ते म्हणाले. शेजारणीने विचारलं की आता तिला उतरता येईल का.

परत येताना गाडी बाईंनीच चालवली. मिस्टरांनी मागच्या सीटवरूनच गिऱ्हाइकाला फोन लावला आणि गाडी विकायची नाही असं सांगितलं. कारण विचारलं असावं, कारण ते जरा थांबले आणि म्हणाले, "बायकोला लागते." बाई आरशात पाहत होत्या.

काकांनी त्या दिवशी संध्याकाळी घोटीला फोन केला. सांगून टाकलं, असं म्हणाले. काकूंनी आधी बरण्यांची झाकणं घट्ट लावली का, ते विचारलं. मग जास्वंदीचं विचारलं. बाकीचं बोलणं काका आतल्या खोलीत जाऊन बोलले.

रविवारी काकू आल्या. रिक्षातून उतरल्या तेव्हा बाईंची गाडी समोर उभी होती, टायर अजून बदलायचे होते. काकू हातात पिशव्या घेऊन तिच्याजवळून चालत गेल्या. थांबल्या नाहीत.

"टायर घासतोय," त्या फाटकातून म्हणाल्या. "याला काय द्यायचं ते आपण ठरवलंच नव्हतं."

मला वाटलं होतं, आता गाड्या यायच्या बंद होतील. काकांनाही तसंच वाटत असावं. पुढच्या सोमवारी सकाळी ते खुर्ची बाहेर घेऊन बसले नाहीत. आठ वाजता एक टेम्पो आला. चालकाने हाक मारून विचारलं, इथे वासाच्या काकू राहतात ना. बातमी बाईंनी पोचवली होती. तिला पाय फुटायला वर्तमानपत्राची गरज पडली नाही.

मी दुरुस्ती छापायची परवानगी काकांकडे मागितली. ते म्हणाले, छापा, आणि तिचं नाव आधी घाला. संपादकांनी विचारलं की वाचकाची तक्रार आली आहे का. आली नव्हती. तक्रार नाही तर दुरुस्ती नाही, असा तिथला रिवाज होता. म्हणून ती इथे देते. इंदिरानगरात गाडीतून येणाऱ्या जळक्या रबराचा वास काकू ओळखतात. प्रश्न काका विचारतात.

मी ती खोली सोडली त्याला आता बराच काळ झाला. मधूनमधून जाते. फाटकाजवळ दोन खुर्च्या असतात. काकू गाडीजवळ जाऊन उघडपणे वास घेतात, चूक वाटलं तर पुन्हा घेतात, आणि जे असेल ते तोंडाने सांगतात. जादा पाणी बंद झाल्यावर जास्वंद इतकी वाढली की दोनदा छाटावी लागली. काकूंनी सहा बरण्या धुऊन परत लोणच्याला घेतल्या, आठ नमुन्यांना ठेवल्या. आईच्या कुठल्या आणि आपल्या कुठल्या, ते त्यांना पाठ आहे.

पाहुण्यांना आता सरसकट चहा मिळतो आणि तो काका करतात. दूध ते स्वतः तापवतात, आणि शेगडीजवळ उभं राहूनही तीनातून एकदा ते खालून लागतं. पाहुणे कप अर्धा ठेवतात. काकांना ते कळत नाही. काकूंना पहिला घोट घ्यायच्या आधीच, कप हातात आल्याबरोबर कळतं. त्या शेवटपर्यंत पितात.